पेनड्राइव्हमधलं फोटोशॉप

आमच्या किल्ल्यांच्या जुडग्यात बरीच वर्षं तीन वस्तू होत्या. शाळेच्या कपाटाची किल्ली, मोटारसायकलची किल्ली आणि चार जीबीचा एक पेनड्राइव्ह. त्याचं टोपण केव्हाच हरवलं होतं, म्हणून आम्ही त्याला चिकटपट्टी गुंडाळली होती. पहिल्या दोन किल्ल्या आमच्याकडे कुणी कधी मागितल्या नाहीत. पेनड्राइव्ह मात्र मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांत फिरून आला होता.

त्यात फोटोशॉप होतं. २०१० च्या उन्हाळ्यात शिक्षकांचं प्रशिक्षण चालू असताना दुसऱ्या तालुक्यातल्या एका शिक्षक मित्राने ते आम्हाला दिलं. जेवणाच्या सुट्टीत त्याने स्वतःचा पेनड्राइव्ह काढला आणि म्हणाला, "काही बसवायचं नाही, नंबर टाकायचा नाही. फोल्डर उघडा, डबल क्लिक करा, झालं." आम्ही शिक्षणसेवकाच्या मानधनातून नुकतेच सुटलो होतो. दुकानातून घ्यायचं तर त्या काळात फोटोशॉपची किंमत अमेरिकेत साडेसहाशे ते सातशे डॉलर होती, म्हणजे आपल्याकडचे तीस हजार रुपये. आमच्या घरात तेव्हा तीस हजारांची एकही वस्तू नव्हती. फ्रिजसुद्धा हप्त्यांवर होता.

मग कामं सुरू झाली. मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला फोटो इतक्याच केबीचा लागतो, सही इतक्याच केबीची लागते. हे काम आमच्याकडे. शाळेची ओळखपत्रं आमच्याकडे. मदरशाच्या जलशाचं पोस्टर, ईदच्या शुभेच्छा, निकाहाचा दावतनामा, हजला निघालेल्या बुजुर्गांचे पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो, सगळं आमच्याकडे. कुणाच्या मरहूम वालिदांचा एकच फोटो असायचा, तोही रेशनकार्डात घडी पडलेला. तो आम्ही रात्री बसून साफ करायचो, चेहऱ्यावरून गेलेली घडी पुसायचो. सकाळी फोटो हातात ठेवला की ती माणसं रडायची. आम्ही कधी कुणाकडून पैसे घेतले नाहीत. हे सांगताना आज थोडा संकोच होतो, कारण तेव्हा याच गोष्टीचा आम्हाला फार अभिमान होता. पैसे घेत नाही म्हणजे सगळं पाकसाफ, असा आमचा हिशोब होता.

उर्दूचं काम आलं की मात्र घाम फुटायचा. त्या फोटोशॉपला उजवीकडून डावीकडे लिहिणं ठाऊकच नव्हतं. 'निकाह' टाईप केलं की चारही अक्षरं सुटी सुटी, आणि तीही उलट्या क्रमाने. मध्यपूर्वेसाठीची आवृत्ती वेगळी मिळायची, ती आमच्याकडे नव्हती. मराठीचंही तेच. युनिकोडमध्ये लिहिलं की वेलांट्या भलतीकडे जायच्या, म्हणून जुने श्रीलिपीसारखे फॉन्ट वापरावे लागत. उर्दूसाठी आम्ही आधी इनपेजमध्ये मजकूर लिहायचो आणि त्याचं चित्र करून फोटोशॉपात आणायचो. इनपेज १९९४ साली आपल्याच देशातल्या लोकांनी तयार केलं. त्यात जी नस्तालीक दिसते, त्या नूरी नस्तालीकसाठी मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाक्षरं हाताने लिहिली होती. एवढ्या मेहनतीचं ते इनपेज आमच्याकडे कुठून आलं होतं? त्याच पेनड्राइव्हवर, शेजारच्याच फोल्डरमध्ये.

हे पोर्टेबल म्हणजे काय, ते आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. एखादा मोठा प्रोग्राम संगणकावर बसवला की तो एका जागी राहत नाही. त्याच्या फायली विंडोजच्या वेगवेगळ्या फोल्डरांत जातात, नोंदी रजिस्ट्रीत जातात, आणि 'हा मनुष्य खरा ग्राहक आहे का' हे तपासणारा भाग कंपनीकडे विचारणा करतो. आता समजा, कुणी असा प्रोग्राम आपल्या संगणकावर बसवला, ती तपासणी मोडून काढली, मदतीची पानं, जादा फॉन्ट असं जड सामान फेकून दिलं आणि उरलेल्या सगळ्याचं एक गाठोडं बांधलं. या गाठोड्याच्या आत विंडोजची एक नकली रजिस्ट्रीही असते. प्रोग्रामला वाटतं आपण रीतसर बसवलेलो आहोत, प्रत्यक्षात तो पेनड्राइव्हवरूनच चालत असतो. अशी गाठोडी बांधायची साधनं काही चोरांनी बनवलेली नाहीत. व्हीएमवेअर कंपनीचं थिनॲप हे त्यांपैकी एक. मोठ्या कचेऱ्यांना एकच प्रोग्राम शेकडो संगणकांवर सोयीने चालवता यावा, यासाठी ते होतं. काही प्रोग्रामांचे निर्माते स्वतःच राजीखुशीने पोर्टेबल आवृत्ती देतात. अडोबीने मात्र फोटोशॉपची पोर्टेबल आवृत्ती कधी काढली नाही. म्हणजे आमच्याकडे जे होतं, ते कंपनी आणि आम्ही यांच्यामध्ये उभ्या असलेल्या कुणा तिसऱ्याच माणसाने बांधलं होतं. त्याचं नाव नाही, गाव नाही. त्याने गाठोड्यातून काय काढलं ते आम्हाला ढोबळ माहीत होतं. त्यात त्याने काय घातलं असेल, हा प्रश्न अकरा वर्षांत एकदाही आमच्या मनात आला नाही.

आमचा एक विद्यार्थी होता. नाव लिहीत नाही. वडील रिक्षा चालवायचे, घरात चार बहिणी. अभ्यासात बेताचा, पण हातात चित्र होतं. नववीत असताना त्याने वहीच्या शेवटच्या पानावर मुख्याध्यापकांचं चित्र काढलं, ते पकडलं गेलं आणि शिक्षेसाठी आमच्याकडे आलं. चित्र इतकं हुबेहूब होतं की आम्ही शिक्षा द्यायची विसरलो. शाळा सुटल्यावर आम्ही त्याला संगणकाच्या खोलीत बसवायला लागलो. लेयर म्हणजे काय, पेन टूलने केसांची कड कशी सोडवायची, रंग कसे उतरवायचे. दोन वर्षांत तो आमच्या पुढे गेला. बारावीनंतर त्याने एसटी स्टँडजवळ मामूंच्या गाळ्यात फोटो आणि फ्लेक्सचं दुकान टाकलं, तेव्हा आम्ही त्याला ते फोल्डर भेट दिलं. "बिस्मिल्लाह कर," म्हणालो. इतर उस्ताद पुस्तक देतात, आम्ही रोजगार दिला, असं त्या दिवशी घरी येऊन बेगमलाही सांगितलं.

दुकान चाललं. लग्नाचे अल्बम, व्हिडिओ, बॅनर. दोन बहिणींची लग्नं त्या दुकानावर झाली. २०२१ च्या हिवाळ्यात, करोनानंतर लग्नं पुन्हा मोकळेपणाने होऊ लागली, तेव्हा त्याला नवीन आवृत्तीची गरज पडली. ग्राहक अल्बमच्या तयार फायली आणायचे, त्या जुन्या फोटोशॉपात नीट उघडत नव्हत्या. कंपनीने तर २०१३ पासून नव्या आवृत्त्या कायमच्या विकणंच थांबवलं होतं, आता महिन्याची वर्गणी भरायची. त्याने आम्हाला विचारलं, "सर, नया वाला मिलेगा क्या पोर्टेबल?"

आम्ही शोधून दिला. एका रात्री, घरी बसून. सोबत सूचना होती की चालू करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. आम्ही फोल्डर त्याच्या हातात दिलं आणि आमचं वाक्य आम्हाला शब्दाशब्दाने आठवतं, "अँटिव्हायरसला यातलं काही कळत नाही, तो उगाच ओरडतो. बंद करून टाक, काही होत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिला तास सुरू व्हायच्या आत त्याचा फोन आला. "सर, सब फायलां के नाम बदल गये. एक भी खुलता नै."

आम्ही मधल्या सुट्टीत दुकानात गेलो. प्रत्येक फोटोच्या नावापुढे चार निरर्थक अक्षरं चिकटली होती. चित्रांच्या जागी पांढरे कागद. प्रत्येक फोल्डरमध्ये एक छोटी मजकुराची फाईल, तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं की तुमच्या फायलींना कुलूप लागलं आहे, किल्लीची किंमत ९८० डॉलर, बहात्तर तासांच्या आत संपर्क केला तर निम्मी. बाहेरची डिस्कही संगणकालाच जोडलेली होती, तीही गेली. आदल्या संध्याकाळपर्यंत सगळं ठीक होतं. मधल्या वेळात संगणकावर नवीन गोष्ट एकच आली होती. नंतर वाचून कळलं की या जातीचा खंडणीखोर व्हायरस २०१८ पासून जगभर फिरतो आहे आणि त्याचा मुख्य रस्ताच हा आहे, कुलूप तोडलेले फुकटचे प्रोग्राम. माणूस स्वतःच्या हाताने पहारेकरी बाजूला करतो आणि दार उघडतो.

सात लग्नांचं काम त्या संगणकावर होतं. कॅमेऱ्यातली कार्डं पुढच्या लग्नासाठी पुसलेली होती. सातांपैकी सहा घरांनी आरडाओरडा केला, पैसे परत घेतले आणि विषय संपवला. सातवं घर तसं नव्हतं. त्या निकाहात मुलीच्या नानींनी व्हीलचेअरवरून नवरीच्या डोक्यावर हात ठेवून दुआ दिली होती, आणि लग्नानंतर नवव्या दिवशी नानींचा इंतकाल झाला. घरात त्यांचा दुसरा कुठलाही व्हिडिओ नव्हता. त्या जुन्या वळणाच्या होत्या, फोटोला कधी उभ्या राहत नसत.

ती मंडळी दुकानात आली तेव्हा आम्ही तिथेच होतो. मुलीचे मामा आणि मुलीची आई. मामा मोठ्या आवाजात बोलत होते. त्यांनी विचारलं, "हे झालं कसं? कुणाच्या चुकीनं?" तो मुलगा म्हणाला, "माझीच चूक झाली, मामू. मीच एक प्रोग्राम टाकला." आमच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. आणि आम्ही, वीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवणारे, स्टुलावर बसून राहिलो. मुलीची आई आम्हाला म्हणाली, "सर, तुमचा विद्यार्थी आहे ना, तुम्ही तरी समजवायचं होतं त्याला." आम्ही मान हलवली.

पोलिसांकडे जायचं का, यावर चर्चा झाली. सायबर तक्रार करता येते. पण तक्रारीत पहिला प्रश्न येणार, व्हायरस कशातून आला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचे प्रोग्रामही येतात, आणि कलम ६३-ब सांगतं की बेकायदा प्रत आहे हे माहीत असून जो ती संगणकावर वापरतो त्याला किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. धंद्यासाठी नसेल तर कोर्ट सवलत देऊ शकतं. त्याचा तर धंदाच होता. तो गप्प बसला. सात घरांना मिळून त्याने अडतीस हजार रुपये परत केले. आम्ही निम्मे देऊ केले, तर म्हणाला, "नक्को सर. आप तो मुफ्त में दिये थे." यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर आम्हाला बरं वाटलं असतं.

त्या दिवसांत आम्ही आमच्या मस्जिदच्या मौलानांकडे गेलो. एक गंमत सांगायची तर, फोटो काढणं जायज की नाजायज यावर आमच्या मोहल्ल्यात इशाच्या नमाजनंतर तासभर वाद रंगतो. फोटो ज्याच्यावर सुधारतात तो प्रोग्राम कुठून आणला, हे कुणी कुणाला विचारल्याचं आम्हाला आठवत नाही. मौलानांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते म्हणाले, लिहिणाऱ्याचा आणि शोध लावणाऱ्याचा हक्क ही विकता येण्यासारखी मालमत्ता आहे का, यावर आधीच्या उलेमांत मतभेद होते, पण १९८८ मध्ये कुवेतला भरलेल्या इस्लामी फिक्ह अकादमीच्या बैठकीत ठराव झाला आहे की हे हक्क शरीअतने मानलेले आहेत आणि त्यांच्यावर हात टाकणं जायज नाही. आम्ही आमची नेहमीची वकिली सुरू केली. अमेरिकेची अब्जाधीश कंपनी आहे, आमच्यासारख्यांकडून तिचं काय जातं, आणि आम्ही तर तालीमसाठी वापरलं. मौलाना म्हणाले, "सर, तुम्ही सूरह मुतफ्फिफीन शिकवता ना मुलांना? ती मापात मारणाऱ्यांबद्दल आहे. समोरचा श्रीमंत असेल तर माप मारलेलं चालेल, अशी सूट तिच्यात कुठं आहे का?" मग थोडं थांबून म्हणाले, गरिबाची अडचण त्यांना कळते, पण अडचणीतून वाट मागायची असते, अडचणीला हक्क म्हणायचं नसतं.

आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली. फोटोशॉप सुरू होताना पडद्यावर दोन-चार सेकंद नावांची एक लांबलचक यादी येते. पहिलं नाव थॉमस नॉल. त्याने आणि त्याचा भाऊ जॉन याने मिळून हा प्रोग्राम लिहिला आणि १९९० मध्ये अडोबीने तो बाजारात आणला. त्या यादीत सीतारामन नारायणन असं एक आपल्याकडचं नावही बरीच वर्षं असायचं. आमच्या गाठोड्यातसुद्धा ती यादी तशीच शाबूत होती. आम्ही ती हजारो वेळा पाहिली असेल, कामाला उशीर होतोय म्हणून वैतागत.

घरी बेगमला सगळं सांगितलं, तेव्हा तिने कंपनीबद्दल एक शब्द काढला नाही. तिने विचारलं, "और वो नानी के घरवालों को क्या बोले आप?" काही नाही बोललो. "और उस लड़के को?" त्यालाही काही नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क, या विषयावर आम्ही शाळेच्या परिपाठात कितीदा बोललो आहोत. ज्याचा हक्क बुडवला त्यानेच माफ करायचा असतो, तिथे नुसती तौबा पुरत नाही, हे मुलांना समजावताना आमचा आवाज छान चढतो. कंपनीचं देणं दूरचं आहे आणि तेही खरंच आहे. पण आमच्या मते त्या मुलाचं आणि त्या घराचं देणं जास्त जड होतं. एक प्रोग्राम फुकट वापरणं वेगळं आणि आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याला 'काही होत नाही' असं सांगणं वेगळं.

दरम्यान तो मुलगा स्वस्थ बसला नव्हता. २०१९ मध्ये एका सुरक्षा कंपनीने या व्हायरसचं कुलूप उघडणारं मोफत साधन काढलं होतं. ते चालवून पाहिलं. ते काही ठराविक किल्ल्यांनाच चालतं, आमची किल्ली त्यातली नव्हती. पण शोधता शोधता त्याला दुसरी गोष्ट सापडली. हा व्हायरस घाईत असतो. तो पूर्ण फाईलला कुलूप लावत नाही, फक्त सुरुवातीच्या दीडशे केबीला लावतो आणि पुढच्या फाईलकडे पळतो. फोटो लहान असतो, त्याचं डोकंच गेलं तर बाकीचं सहसा कामाचं राहत नाही. व्हिडिओ मात्र शेकडो एमबीचा. त्याची सुरुवात नासली तरी धड शिल्लक असतं. त्याच कॅमेऱ्याने, त्याच पद्धतीने काढलेला एक चांगला व्हिडिओ नमुना म्हणून दिला, तर त्यावरून मोडका व्हिडिओ दुरुस्त करणारं एक साधन परदेशातल्या एका तंत्रज्ञाने मोफत ठेवलं होतं. निर्मात्याने स्वतःच्या खुशीने मोफत ठेवलेलं, हे मुद्दाम सांगतो. तीन रात्री जागून त्याने सात लग्नांचे बरेचसे व्हिडिओ परत मिळवले. फोटो बहुतेक गेले ते गेलेच.

२०२२ च्या रमजानमध्ये, तरावीहच्या आधी, आम्ही त्या घरी गेलो. मुलाला सोबत येऊ दिलं नाही. मुलीच्या आईला आणि मामांना सांगितलं की तो प्रोग्राम आम्ही आणून दिला होता, पहारा बंद करायलाही आम्हीच सांगितलं होतं, आणि त्या दिवशी दुकानात आम्ही गप्प बसलो. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी त्या पोराला चारचौघांत काय काय बोललो, सर." आमच्याकडे उत्तर नव्हतं. मुलीच्या आईने शरबत आणलं, आणि फोनवर तो व्हिडिओ लावला. सुरुवातीचा तुकडा त्यात नाही. नानींचा हात नवरीच्या डोक्यावर आधीच ठेवलेला आहे आणि दुआ मधूनच ऐकू येते. दुसऱ्या दिवशी मामा स्वतः दुकानात जाऊन आले, हे आम्हाला मुलाकडून कळलं. काय बोलले ते त्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

आता तो महिन्याची वर्गणी भरतो. पहिल्या वर्षाची आम्ही भरली, ती त्याने खूप ओढाताणीनंतर घेतली. त्याला दुसरा इलाज नाही, अल्बमवाले सगळे फोटोशॉपच्याच फायली देतात. महिन्याला एक डिस्क भरून तो घरी अम्मीच्या कपाटात ठेवतो, संगणकाला जोडून ठेवत नाही.

शाळेत मात्र आम्हाला फोटोशॉपची गरज कधी नव्हतीच, हे आम्हाला फार उशिरा उमगलं. मुलांचे फोटो वीस केबीत बसवायला सातशे डॉलरचा प्रोग्राम कशाला? जिम्प नावाचा प्रोग्राम १९९६ पासून आहे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी तो सुरू केला. त्याचा परवानाच असा आहे की कुणीही वापरा, कितीही प्रती करा, कुणालाही द्या. त्याची पोर्टेबल आवृत्तीही रीतसर मिळते. तक्रारी आहेत. बटणं वेगळ्या जागी आहेत, पहिले पंधरा दिवस हात चुकत राहतो, आणि छपाईच्या रंगांच्या बाबतीत तो फोटोशॉपच्या मागे आहे. पण आमच्यासाठी एक गोष्ट सगळ्यांवर भारी पडली. त्यात उर्दू तुटत नाही. पहिल्यांदा नोटो नस्तालीक फॉन्ट लावून आम्ही 'निकाह' लिहिलं आणि अक्षरं आपोआप उजवीकडून एकमेकांना बिलगली, तेव्हा आम्ही शेजारच्या वर्गावरच्या मॅडमना बोलावून दाखवलं. मराठीच्या वेलांट्याही जागच्या जागी. मुंबईच्या एक टाईप या संस्थेने केलेला मुक्ता फॉन्ट मोफत मिळतो, तो आम्ही वापरतो. आणि ज्या संगणकावर काहीच बसवता येत नाही, तिथे ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपिया आहे. जाहिराती दिसतात, पण काम होतं. यातलं जिम्प तर २०१० मध्येही उपलब्ध होतं. आम्ही शोधलं नाही, कारण खिशात फोटोशॉप होतं आणि 'सरांकडे फोटोशॉप आहे' हे ऐकायला बरं वाटायचं.

दर शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही पंधरा-सोळा मुलामुलींना जिम्प शिकवतो. कधी कधी तो दुकानदारही येतो, फळ्यापुढे उभा राहतो आणि आमच्यापेक्षा चांगलं शिकवतो. मागच्या महिन्यात आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, मेरे पेनड्राइव में डाल के देते क्या? घर पे भाई को दिखाना है." आम्ही "हौ, ले जा" म्हणालो, आणि त्याने आमच्याकडे बघून हसू दाबलं.

राहिलं इनपेज. चौदा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, निबंधांचे नमुने, कुल्लियातमधून काढलेले शब्दार्थ, सगळं त्या फायलींत अडकलेलं आहे आणि त्या दुसऱ्या कशात थेट उघडत नाहीत. प्रोग्राम पुसून टाकला तर मेहनत जाते, ठेवला तर तो आमचा नाही. बेगम म्हणते, जेवढं लागतं तेवढं काढून घ्या आणि पुसा. म्हणून रोज रात्री दोन-तीन पानं युनिकोडमध्ये नव्याने टाईप करायला घेतली आहेत. सातवीचं संपलं, आठवीचं चालू आहे. नववीच्या फायली जास्त आहेत.